तेलाचा डबा किती दिवसांत संपतो?

पत्र :

मॅडम, नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरात पाच माणसं. मिस्टरांचं मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचं दुकान आहे, वय ४७. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तर एलडीएल १६२, एचडीएल ३६ आणि ट्रायग्लिसराइड २४० आलं. डॉक्टरांनी गोळी दिली. पण 'कोलेस्ट्रॉल हा सगळा औषधवाल्यांचा खेळ आहे' असा व्हिडिओ बघून त्यांनी ती आठ दिवसांत बंद केली. सासूबाई ७२ वर्षांच्या, अंगानं बारीक. त्या म्हणतात, रिफाइंड तेल हेच सगळ्याचं मूळ. घाण्याचं तेल आणा, घरचं तूप वाढा, मामंजी वाटीनं तूप खायचे आणि नव्वदीपर्यंत चालते-फिरते होते. दीर म्हणतात, रोज उपाशीपोटी दोन चमचे खोबरेल तेल घ्या. मुलगी अकरावीत आहे. तिनं तेल-तूप पूर्ण सोडलंय, कोरडा फुलका आणि उकडलेली भाजी खाते. तीन महिने झाले, तिला पाळी आलेली नाही. धाकटा सातवीत, त्याला रोज काहीतरी तळलेलं लागतं. स्वयंपाक मी करते, त्यामुळे सगळ्यांचे बोल मलाच बसतात. तेल-तूप शरीराला चांगलं की वाईट, ते एकदा सांगा. आणि मी आणू कुठलं? आमच्याकडे १५ किलोचा शेंगतेलाचा डबा येतो, तो अडीच महिने जातो. तूप महिन्याला किलोभर लागतं.
— एक गृहिणी, सांगली

उत्तर :

ताई, तेलाचं बोलण्याआधी दोन गोष्टी सांगते. त्या थांबण्यासारख्या नाहीत.

पहिली, तुमची लेक. तीन महिने पाळी नाही, हे पत्राच्या मध्येच एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. माझ्या दृष्टीनं तुमच्या घरातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे. या वयात पोटात पुरेसं अन्न आणि पुरेसे स्निग्ध पदार्थ गेले नाहीत, तर शरीर आधी पाळीचं काम थांबवतं. कारण दुसरंही असू शकतं, थायरॉइड असेल, पीसीओएस म्हणजे अंडाशयाचा संप्रेरकांशी जोडलेला विकार असेल, म्हणून घरात अंदाज करत बसू नका. या आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या आणि ती काय खाते ते तिच्यासमोर, तिला दोष न देता डॉक्टरांना सांगा. केस गळतात का, थंडी जास्त वाजते का, मधूनच गरगरतं का, हेही तिला मायेनं विचारा.

दुसरी, गोळी. ती कालपर्यंत बंद होती, आज डॉक्टरांना फोन करून पुन्हा सुरू करा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, जितकं जास्त आणि जितकी जास्त वर्षं जास्त, तितका रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला थर साचत जातो. हे पन्नास वर्षांच्या अभ्यासातून, नाना तऱ्हेच्या पुराव्यांतून पुन्हा पुन्हा पक्कं झालेलं आहे. आपल्या देशात हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात गाठतो. ४७ म्हणजे लांबणीवर टाकायचं वय नव्हे. शरीरातलं बहुतेक कोलेस्ट्रॉल यकृतच बनवतं, त्यामुळे नुसतं तेल बदलून १६२ पुरेसं खाली येईल, या भरवशावर राहू नका. गोळीनं त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगा, ती बदलता येते. व्हिडिओ करणारा माणूस तुमच्या मिस्टरांची नाडी बघायला यायचा नाही.

आता तेल. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ शेवटची आहे. कुठलं तेल चांगलं, हे मला रोज विचारतात. आमच्याकडे डबा किती दिवस जातो, हे आपणहून सांगणाऱ्या बायका फार थोड्या. चला, तोच हिशोब आधी मांडू.

पंधरा किलो म्हणजे १५,००० ग्रॅम. अडीच महिने म्हणजे ७५ दिवस, घरात पाच माणसं. भागाकार केला की माणशी रोज ४० ग्रॅम तेल येतं. तूप महिन्याला किलोभर, ते माणशी साडेसहा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ४६-४७ ग्रॅम. त्यात तुमची लेक काहीच घेत नाही आणि सासूबाई चिमणीएवढं जेवतात. म्हणजे त्या दोघींच्या वाटणीचं तेल बाकीच्या तिघांच्या पोटात जातंय. ते तिघं साठ-सत्तर ग्रॅमच्या घरात असतील, आणि मिस्टर यार्डात जे खातात ते या हिशोबात नाहीच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २,००० उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटासाठी वरून घातलेलं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. चहाच्या चमच्यानं मोजलं तर सहा चमचे. दाणे, बदाम, तीळ, जवस यांचे ३५ ग्रॅम त्यांनी वेगळे ठेवलेत. ते मला विशेष महत्त्वाचं वाटतं, त्याकडे पुढे येते.

तेल-तूप चांगलं की वाईट, या प्रश्नाचं माझं उत्तर या भागाकारात आहे. सहा चमच्यांपर्यंत ते अन्न आहे, आणि अत्यंत गरजेचं अन्न आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय अंगी लागत नाहीत. तुमची लेक उकडलेला पालक आणि गाजर खात असेल, तर त्यातलं 'अ'चं पूर्वद्रव्य चमचाभर तेलाच्या फोडणीवाचून बरंचसं वाया जातं. लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्लं तर आपलं शरीर बनवूच शकत नाही, ती खाऊनच मिळवावी लागतात. पेशींची आवरणं, मेंदू, संप्रेरकं, सगळ्यांना मेद लागतो. पण तोच मेद ग्रॅममागे ९ उष्मांक देतो आणि पीठ-साखर देते ४. म्हणून तेलात हात जरा सैल सुटला की दिवसभराचा हिशोब फिरतो, आणि ताटात बघून ते कळतही नाही.

आता मिस्टरांचा कागद. त्यावरचं ट्रायग्लिसराइड २४० म्हणजे रक्तातला मेदच. साहजिकच सगळ्यांना वाटतं, तेल खाल्लं म्हणून वाढलं. पण हा आकडा बहुतेक वेळा साखर, मैदा, बैठं काम आणि दारू यांनी वाढतो. लागते त्याहून जास्त साखर आली की यकृत तिचा मेद करून रक्तात सोडतं. यार्डातला दिवस मी जवळून पाहिलाय. हळदीचे सौदे सुरू असताना दुकानात येईल त्याला चहा आणि त्याच्याबरोबर मालकालाही चहा. पाच कप धरा, प्रत्येकात दोन चमचे साखर, ही झाली दहा चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ च्या आत राहिली तर उत्तम. यांची नुसत्या चहातच ती रेषा गाठली जाते. दारू घेत असतील तर ते तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही. पण घेत असतील तर हा आकडा उतरवण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता ती थांबवणं हाच आहे. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल, ३६ आहे, त्याला तेल बदलून फारसं काही होणार नाही, चालणं मात्र हवं. रोज पाऊण तास, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगानं. संध्याकाळी आमराईत जा. दोघं जा.

आणि चहाबरोबरची खारी. इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायचंय.

१९९३ साली मी मिरजेत एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून लागले. तेव्हा आम्ही शिकलो होतो ते एवढंच : मेद कमी करा. त्याच सुमाराला माझ्या वडिलांना चालताना छातीत दुखायला लागलं. मी घरात फर्मान काढलं, तूप बंद, खोबरं बंद, दाण्याचं कूट बंद. वडील तासगावच्या बाजूच्या खेड्यात वाढलेले, शेंगदाण्यावर जीव. दाण्याच्या कुटाचा म्हाद्या केला की भाकरी एक जास्त जायची. त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. मुलगी शिकलेली, तिचं ऐकायचं. मग सकाळी आणि चार वाजता चहाबरोबर ते खारी आणि टोस्ट खायला लागले, कारण मी त्यावर काही बोललेच नव्हते. खारी हलकी असते ना, तूप कुठे दिसतं तिच्यात?

खारीचे पदर सुटतात ते कशानं, हे मला माहीत होतं आणि तरीही मी ते त्यांच्या ताटाशी जोडलं नाही. मैद्याच्या पोळीवर घट्ट स्निग्ध थापायचं, घडी घालायची, लाटायची, पुन्हा थापायचं. भट्टीत गेलं की तो थर वितळतो आणि पापुद्रे मोकळे होतात. तेल ओतून असे पदर येत नाहीत, स्निग्ध घट्टच लागतं. त्या काळात ते घट्ट स्निग्ध म्हणजे बहुतेक ठिकाणी वनस्पती तूप, ज्याला आपण सरसकट डालडा म्हणतो. पातळ तेलात निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन मिसळला की ते घट्ट होतं, स्वस्त पडतं, टिकतं. पण त्या खटाटोपात काही रेणू पीळ पडल्यासारखे उलटे वळतात, त्यांना ट्रान्स मेद म्हणतात. हा असा मेद आहे की तो एलडीएल वाढवतो आणि चांगलं एचडीएल खाली आणतो, दोन्ही बाजूंनी मार. त्याबद्दल कुणीही चांगलं बोलू शकत नाही, तूप आणि तेल यांवर कडाकडा भांडणारे दोन्ही गटसुद्धा.

वडिलांचं पुढे जे झालं ते खारीनं झालं, असं मी म्हणणार नाही. ते विडीही ओढत असत. पण मी त्यांच्या ताटातून दाणे काढले आणि त्या जागी काय आलं ते बघितलं नाही, ही चूक माझी. ती मी आजही विसरलेले नाही. म्हणून आता कुणी 'हे बंद केलं' म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, मग त्याऐवजी काय खाता?

हीच गोष्ट पुढे मोठमोठ्या अभ्यासांतही दिसली. अमेरिकेत ४८ हजारांहून अधिक स्त्रियांवर एक चाचणी झाली. एका गटाला एकूण मेद कमी करायला सांगितलं, सरासरी आठ वर्षं पाहिलं, आणि २००६ साली निकाल आला : हृदयविकारात ठळक फरक नाही. स्पेनमध्ये उलट प्रयोग झाला. सात हजारांवर लोकांत काहींना भरपूर ऑलिव्ह तेल दिलं, काहींना रोज मूठभर अक्रोड-बदाम-हेझलनट दिले. मेद भरपूर, तरी कमी मेदाच्या सल्ल्यावर असलेल्यांपेक्षा त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात सुमारे ३० टक्के कमी. त्या अभ्यासात माणसं गटांत वाटताना काही ठिकाणी चूक झाली होती, म्हणून २०१८ साली तो पुन्हा तपासून छापला, निष्कर्ष तोच राहिला. आणि संपृक्त मेद, म्हणजे तूप, लोणी, साय, पाम, खोबरेल यांतला, कमी केल्यानं काय होतं, ते कॉक्रेन या संस्थेनं २०२० साली बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिलं. हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार १७ टक्क्यांनी कमी झाले. एकूण मृत्यूंत मात्र फारसा फरक दिसला नाही. संपृक्त मेदाच्या जागी असंपृक्त तेलं, दाणे, बिया आल्या तर एलडीएल उतरतं. त्या जागी मैदा आणि साखर आली तर हृदयाच्या दृष्टीनं काही हाती लागत नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत तेच झालं होतं.

आता सासूबाईंचा मुद्दा. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. मामंजी वाटीनं तूप खात असतील. हिंदकेसरी मारुती मानेंच्या कवठेपिरानचा हा जिल्हा, आपल्याकडे खुराक शब्दाला मान आहे. पण मामंजी सकाळी किती चालत होते, मळ्यात दिवसभर काय करत होते, साखर घरात आठवड्याला किती यायची, तेही सासूबाईंनाच विचारा. त्या सांगतील, आणि ते मुलासमोर सांगतील तर आणखी बरं. शिवाय प्रत्येक घरात एक आजोबा नव्वदीचे असतात आणि एखादे पन्नाशीत 'झोपेतच गेले' असतात. त्या झोपेत गेलेल्यांचा ईसीजी कुणी काढला नव्हता, म्हणून त्यांच्या तुपाची गोष्ट आपल्यापर्यंत येत नाही.

तुपात साठ टक्क्यांहून जास्त मेद संपृक्त असतो. एका चहाच्या चमच्यात सुमारे तीन ग्रॅम. दिवसाला २,००० उष्मांक खाणाऱ्यानं संपृक्त मेद २२ ग्रॅमच्या आत ठेवावा, असं म्हणतात. म्हणजे वरणभातावरचा एक चमचा, पुरणपोळीवरचे दोन, यानं आभाळ कोसळत नाही. खरं कोसळतं ते दुधानं, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्ध असतं. सायीसकट दोनशे मिलिलिटर दुधात तेरा ग्रॅम मेद, त्यातला आठ-नऊ ग्रॅम संपृक्त. मिस्टर रात्री पेलाभर दूध पीत असतील आणि वर सायीचं दही असेल, तर तूप न खाताही ते त्या रेषेजवळ पोचतात. त्यांच्यासाठी दूध तापवून, गार करून, साय काढून घ्या. त्या सायीचं लोणी करा, तूप कढवा, आणि ते तूप सासूबाईंच्या मऊ भातावर आणि लेकीच्या फुलक्यावर पडू दे. बाहत्तराव्या वर्षी बारीक अंगाच्या, थोडं खाणाऱ्या बाईला चमचा-दोन चमचे तूप हे औषधासारखं आहे. मिस्टरांना दिवसाला एकच चमचा, दुपारच्या जेवणात. एकाच घरात चार ताटांत चार मापं असणं यात पंक्तिप्रपंच नाही.

घाणा की रिफाइंड, यावर तुमच्या घरात सगळ्यात जास्त आवाज चढत असणार. लाकडी घाण्याच्या तेलाचा वास मलाही आवडतो. झुणक्यावर, खर्ड्यावर कच्चं घालायला त्याच्यासारखं दुसरं नाही. त्यात ई जीवनसत्त्व आणि दाण्यातले इतर चांगले अंश थोडे जास्त राहतात. परवडत असेल तर जरूर आणा. पण चमच्याला उष्मांक तेवढेच, मेदाम्लंही तीच. ते हृदयाचं औषध नाही आणि जास्त ओतायचा परवानाही नाही. एक गोष्ट मात्र डोळ्यांनी बघा. शेंगा काढल्यावर पावसात भिजल्या, नीट वाळल्या नाहीत, तर दाण्यावर बुरशी धरते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक आहे. रिफाइनिंगमध्ये ते बरंचसं निघून जातं, घाण्यात नाही. म्हणून घाण्यावर गेलात तर तेलाच्या बाटलीआधी दाण्याचं पोतं बघा. काळपट, सुरकुतलेले, हिरवट बुरशीचे दाणे दिसले तर मागे फिरा. आपले दाणे निवडून नेऊन समोर गाळून घेता आले तर सगळ्यात छान.

रिफाइंड म्हणजे विष, हे मात्र मी मान्य करणार नाही. त्यातला वास, रंग, चिकटपणा काढायला ते शुद्ध करतात, खूप तापवतात, त्यात काही चांगलंही जातं. पण सूर्यफूल, सोयाबीन, करडई यांच्या तेलात भरपूर असणारं लिनोलिक आम्ल शरीरात दाह पेटवतं, असं जे सांगतात ते माणसांवरच्या चाचण्यांत दिसत नाही. उलट तुपा-लोण्याच्या जागी ही तेलं आली की एलडीएल खाली येतं. करडई तर आपल्याच रानातली. जत भागात ज्वारीच्या कडेनं तिच्या काटेरी ओळी असायच्या, जनावरं आत शिरू नयेत म्हणून. तिच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक असतं. शेंगतेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक, ऑलिव्ह तेलात जे असतं तेच. सोयाबीन तेलात थोडं ओमेगा-३, म्हणजे वर सांगितलेलं अल्फा-लिनोलेनिक, सुद्धा मिळतं. प्रत्येकात काहीतरी कमी, काहीतरी जास्त. म्हणून दोन तेलं ठेवा : एक शेंगेचं, दुसरं करडई, सोयाबीन किंवा राइस ब्रान. आणि ओमेगा-३ साठी जवसाची चटणी. जवसाच्या तेलातला निम्म्याहून जास्त भाग तेच असतं. रोज भाकरीबरोबर दोन चमचे, ताजी कुटलेली, कारण जवस लवकर खवट होतो. मासे खात असाल तर रत्नागिरीहून येणारा बांगडा आठवड्यातून एक-दोनदा, तव्यावर, रव्यात घोळवून तळलेला नको.

बाटलीवरच्या 'कोलेस्ट्रॉल फ्री' या अक्षरांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. कोलेस्ट्रॉल फक्त प्राण्यांपासून आलेल्या अन्नात असतं. कुठल्याच शेंगेच्या, बियांच्या तेलात ते नगण्यच असतं, पूर्वीही तसंच होतं.

दीरांच्या खोबरेल तेलाबद्दल थोडक्यात. त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास मेद संपृक्त आहे आणि इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत ते एलडीएल वाढवतं. १६२ असलेल्या माणसानं उपाशीपोटी ते घेणं म्हणजे आपल्या हातानं कागदावरचा आकडा चढवणं. कोकणातली ओल्या खोबऱ्याची आमटी वेगळी आणि हे वेगळं.

धाकट्याचं तळण. आठवड्यातून एकदा तळा, मनापासून तळा, त्याच्या आवडीचं तळा. लहान कढई घ्या, तेल बेताचं घ्या. पहिल्या घाण्याला तेल सोनेरी असतं, भजं टाकलं की बुडबुडे मोठे आणि मोकळे येतात. तेच तेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तापवा आणि नीट बघा : रंग तपकिरी, वर बारीक फेस जो खाली बसत नाही, कढईच्या काठाला बोटाला चिकटणारा पिवळट लेप, आणि पूर्वी येत नव्हता इतक्या लवकर धूर. ते तेल तुटलंय. हॉटेलवाल्यांसाठी एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, १ जुलै २०१८ पासून नियम केला, तेलातली बिघडलेली ध्रुवीय द्रव्यं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही. घरात मोजायचं यंत्र नाही, पण तो फेस आणि तो लेप आहे. एकदा तळलेलं तेल गाळून, झाकून, दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. पुन्हा तळणाला नको, आणि ताज्या तेलाची भर घालून तर मुळीच नको. यार्डाजवळच्या गाड्यावर सकाळपासून उकळत असलेल्या कढईत दर तासाला नेमकी तीच भर पडते. मिस्टर सकाळी तिथे वडा खात असतील, तर म्हणून तो बंद व्हायला हवा. त्यांना घरून डबा द्या, थालीपीठ, ज्वारीची भाकरी आणि दाण्याची चटणी. अख्खा मसूर खायला रविवारी सगळे जात असाल, तर जा, फक्त वाटीतली वरची तर्री बाजूला सारून खालचा मसूर वाढून घ्या. मसुरात दोष काहीच नाही.

खारीचंही सांगते. एफएसएसएआयनं जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीतलं ट्रान्स मेदाचं प्रमाण २ टक्क्यांवर आणलं, हे चांगलं झालं. पण पदर सुटायला घट्ट स्निग्ध अजूनही लागतंच, आता ते बहुतेक पामचं असतं, म्हणजे संपृक्त. चहाबरोबर काही हवंच असेल तर घरी केलेला भडंग डब्यात द्या. लसूण कुरकुरीत करायला मोठ्या पातेल्याला तीन चमचे तेल पुरतं, दाणे मुठीनं घाला. आणि चहात साखर अर्ध्यावर, पंधरा दिवसांनी त्याच्याही अर्ध्यावर. एकदम बंद केली तर तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होईल.

दाण्याचं कूट सगळ्यांच्या ताटात राहू दे. दाण्यात निम्मं तेल असतं हे खरं, पण ते प्रथिनं, तंतू आणि क्षार यांच्यासोबत सावकाश अंगी लागतं. म्हणूनच त्या ३५ ग्रॅमना तेलाच्या हिशोबात धरलेलं नाही. लेकीला मूठभर दाणे नाहीतर तिळाचा लाडू द्या. पोळीवर तूप लावलेलं तिला चालणार नाही कदाचित, पण भाजीत चमचाभर फोडणी आणि हातात दाणे, एवढ्यावर ती सुरुवातीला तयार होईल. तिला तिच्या वजनावरून घरात कुणी हसू नये, हेही तुम्हीच बघा.

आता तुमचं माप. पाच जणांना मिळून महिन्याला साडेचार किलो तेल-तूप खूप झालं, वाढत्या मुलांसकट. त्यात तूप अर्धा किलो, तेल चार किलो. म्हणजे पंधरा किलोचा डबा पावणेचार महिने जायला हवा. पण डबा आणूच नका. भरलेला डबा ओट्याखाली असला की हात सैल सुटतो, आणि चार महिने उघडा राहिला की तळाचं तेल खवट होतं. पाच लिटरचा कॅन आणा, लिटरमध्ये साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे साडेचार किलोच्या जरा वर. रोज सकाळी स्टीलच्या एका छोट्या भांड्यात दिवसाचं तेल काढून ठेवायचं, पावशेर दुधाच्या मापात साधारण दीडशे मिलिलिटरला खूण करून. पळी त्या भांड्यात बुडवायची, कॅनमध्ये नाही. संध्याकाळी भांडं रिकामं झालं तर दुसऱ्या दिवशी विचार करायचा, की आज कुठे गेलं. पहिले आठ दिवस भाजी कोरडी वाटेल, कुरकुर होईल. कांदा झाकण ठेवून, पाण्याचा हबका मारून परता. मसाला आधी कोरडा भाजून घ्या, मग तेल कमी पडल्याचं जिभेला जाणवत नाही.

सहा ते बारा आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा, मिस्टरांचं रक्त पुन्हा तपासायचं आहे. तोवर पहिला कॅन उघडाल त्या दिवशी त्याच्या झाकणावर पेनानं तारीख घाला. तो संपेल त्या दिवशीची तारीख मला कळवा, आणि लेकीला डॉक्टर काय म्हणाले ते त्याच्याही आधी.